एकदाच विचारलेला स्कोन

जून लागला की इथल्या दुकानांत स्ट्रॉबेरी पुढे येऊन बसतात. आत पाऊल टाकलं की आधी त्यांचा वास येतो, मग गारवा, आणि मग बाकीचं दुकान. त्यांच्या शेजारी, कुणीतरी हाताला धरून आणून बसवल्यासारखे, क्लॉटेड क्रीमचे छोटे डबे. पिवळसर, जाड, वर सुरकुतलेला पापुद्रा. मी दर वर्षी एक डबा उचलते, थोडा वेळ हातात धरते आणि परत ठेवते. एकटीसाठी तो फार असतो. शिवाय ते क्रीम खायचं एक ठिकाण माझ्या मनात ठरून गेलं आहे. दुसरीकडे खाल्लं तर ते नुसतं क्रीम राहील.

आज दुपारी त्या ठिकाणाहून फोन आला. खरं तर ते ठिकाण आता उरलेलं नाही. जोननं, माझ्या जुन्या घरमालकिणीनं, रीडिंग गावातलं घर विकलं आणि ती नॉटिंगहॅमला मुलीकडे राहायला गेली. पण तिचा आवाज अजून त्याच बागेतून येतो, सफरचंदाच्या झाडाखालून, मध्ये एखादी गांधीलमाशी फिरत असल्यासारखा.

"रविवारी इथले सगळे सुट्टीवर जातायत," ती म्हणाली. "स्वयंपाकघर दिवसभर माझं एकटीचं. एरवी मला ओव्हनजवळ फिरकू देत नाहीत, माझे हात थरथरतात म्हणून. मी स्कोन करणार आहे. तुला वेळ असेल तर ये ना, डिअर."

आणि मी म्हणाले, "नको नको, माझ्यासाठी उगाच त्रास कशाला!"

इंग्रजीत म्हणाले, पण म्हणाले हेच. "बरोबर आहे, तुला कामं असतील," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

तेव्हापासून मी ब्रॅकनेलमधल्या माझ्या खोलीच्या खिडकीशी बसून आहे. जूनमधली इथली संध्याकाळ संपता संपत नाही. घड्याळ जेवायची वेळ झाली म्हणतं, आणि खिडकी अजून चारच वाजलेत म्हणते. समोरच्या हिरवळीवर कुणीतरी गवत कापून गेलं आहे. त्या वासाबरोबर तो अख्खा उन्हाळा खोलीत आला आहे आणि माझ्याकडे बघत बसला आहे.

माझं सगळं शिक्षण इंग्रजीतून झालं. पुण्यात शाळेतल्या गोष्टींच्या पुस्तकांत मुलं सारखी सहलीला जायची आणि स्कोन खायची. स्कोन म्हणजे काय हे वर्गात कुणालाच माहीत नव्हतं, विचारायची हिंमतही कुणाला नव्हती. मी आपली नानकटाईसारखं काहीतरी डोळ्यांसमोर आणायचे, फक्त मोठं आणि गरम. आम्हाला शाळेत 'प्लीज' शिकवलं, 'थँक यू' शिकवलं, 'नो, थँक यू'सुद्धा घोटून घेतलं. पण नाही म्हणायला मी शाळेत शिकलेच नाही. ते मी घरीच शिकले होते, पंगतीत.

आमच्याकडे पाहुण्याचं पहिलं 'नको' म्हणजे नुसती दारावरची टकटक असते. वाढणारा तेवढ्यानं परत फिरला तर तो वाढपी कसला? पाहुणा पानावर हात आडवा धरतो, पण बोटांत थोडी फट ठेवतो. वाढणाऱ्याला ती फट दिसते. "माझ्या नावानं एक," म्हणत तो जिलबी सोडून मोकळा होतो. खरंच नको असेल तर माणूस अख्खा पानावर ओणवा होतो. हात आणि ओणवं होणं यांतला फरक लहानपणापासून डोळ्यांना कळतो, तो कुणी समजावून सांगत नाही.

कंपनीनं मला रीडिंगला पाठवलं त्या वर्षी मे महिन्यात मी जोनच्या घरात वरची खोली भाड्यानं घेतली. जोन एकटी राहायची. तिचा नवरा आर्थर जाऊन काही वर्षं झाली होती. पांढरे केस, निळं स्वेटर, पावलं हलकी. "मला जोनच म्हण," असं तिनं पहिल्याच दिवशी सांगितलं. सत्तरी ओलांडलेल्या बाईला नावानं हाक मारणं माझ्या जिभेला जमेना, आणि काकू किंवा आजी म्हणावं तर तिला काय वाटेल कोण जाणे. म्हणून मी तिला कशीच हाक मारायचे नाही. ती दिसेपर्यंत जिन्यात थांबायचे आणि मग बोलायचे.

पहिल्या रविवारी दुपारी चारच्या सुमाराला माझ्या दारावर टकटक झाली. "स्कोन केलेत," ती म्हणाली. "गरम आहेत. येतेस खाली?"

तिच्या मागून जिन्यातून वास वर येत होता. लोणी, भाजलेलं पीठ, थोडी साखर. इतक्या वर्षांची नानकटाई एका श्वासात मोडली आणि तिच्या जागी खरा स्कोन आला.

"नो, थँक यू," मी म्हणाले. "मी आत्ताच जेवलेय."

"राइट यू आर, डिअर," ती म्हणाली आणि वळली.

मी दार लावलं नाही. ते अर्धं उघडं धरून तशीच उभी राहिले. ती आता जिन्याच्या मधल्या पायरीवरून मागे बघेल, म्हणेल, अगं असं काय, एक तर खा. पावलं खाली गेली. स्वयंपाकघराचं दार लागलं. किटलीवर टीकोझी, ती चहा गरम ठेवणारी कापडी टोपी, चढली असावी, कारण सगळं एकदम मऊ आणि शांत झालं.

पुन्हा तिनं कधी विचारलं नाही. रविवार मात्र दर आठवड्याला येत राहिले.

जून उजाडला आणि तिचा चहा बागेत गेला. मी वरून बघायचे. सफरचंदाखाली छोटं टेबल, त्यावर पांढरं कापड, वाऱ्यानं उडू नये म्हणून चारी कोपऱ्यांना कपडे वाळत घालायचे चिमटे. जॅमच्या वाटीवर बशी, गांधीलमाश्यांसाठी. ती स्कोनला सुरी लावायची नाही. दोन्ही हातांनी हलकेच पिळून त्याचे दोन भाग करायची, आणि मधून वाफ निघायची ती वरपर्यंत दिसायची, किंवा मला तसं वाटायचं. आधी क्रीम, मग त्यावर जॅम. शेजारच्या घरात टीव्हीवर टेनिस चालू असायचं. चेंडूचा टप्पा, टप्पा, मग लांबवरच्या टाळ्या. त्या तालावर माझी दुपार पेंगायची. मध्येच जोन मान वर करून माझ्या खिडकीकडे बघायची, आणि मी पडद्याआड व्हायचे.

टेबलावर कप नेहमी दोन असायचे. दुसरा आर्थरचा, असं मी ठरवून टाकलं होतं.

एका शनिवारी मी दुकानातून स्कोनचं पाकीट आणलं आणि खोलीत बसून खाल्लं. गार, कोरडे, घशात अडकणारे. पाण्याचे घोट घेत घेत दोन संपवले, उरलेले टाकले, पाकीट खालच्या कचऱ्याच्या डब्यात टाकलं. त्यात काही विशेष आहे असं तेव्हा मनातही आलं नाही.

खरं सांगायचं तर, त्या एका 'राइट यू आर'चं मला वाईट वाटलं तसंच काहीतरी वेगळंही वाटलं, आणि त्याला नाव द्यायला मला बरेच रविवार लागले. घरी माझं 'नाही' कुणी ऐकूनच घ्यायचं नाही. भात नको म्हटलं की दोन चमचे जास्त. मामानं आणलेलं स्थळ नको म्हटलं की "अगं, बघायला काय जातंय?" मी हळू बोलते, त्यामुळे माझा नकार सगळ्यांना होकाराची सुरुवात वाटायचा. आणि इथे एका परक्या बाईनं तो जसाच्या तसा घेतला, उलटा करून पाहिला नाही. मोकळं वाटलं. त्या मोकळेपणात भूकही लागली.

जुलैत आई आली. रजा टाकून, तीन बॅगा घेऊन, त्यांतली एक निव्वळ भाजणी आणि लाडवांची. ती यायच्या आधी जोननं मला विचारलं होतं, "तुझ्या आईसाठी मागची छोटी खोली उघडू का? रिकामीच आहे." मी अर्थातच म्हणाले होते, "नको नको, आम्ही मावू एका खोलीत."

पहिल्या सकाळी आई माझ्या अरुंद पलंगावरून खाली, जमिनीवर झोपलेल्या माझ्याकडे बघत म्हणाली, "पलीकडे ती खोली कुणाची गं?"

"कुणाची नाही. रिकामी आहे."

"मग तू खाली का झोपलीयस?"

"ती घ्या म्हणाली होती. मी नको म्हटलं."

"बरं. मग?"

"मग ती बरं म्हणाली."

आई उठून बसली. "म्हणजे? पुन्हा विचारलं नाही?"

"नाही."

"कमाल आहे बाई," आई म्हणाली, आणि पुन्हा आडवी झाली.

त्या रविवारी टकटक झाली ती आईसाठी. जोननं मला टाळून, अगदी सरळ तिच्याकडे बघून विचारलं. आईनं बहुधा फक्त 'टी' एवढाच शब्द ऐकला आणि चहाला नाही म्हणायचं तिच्या मनातच आलं नाही. इस्त्रीची सुती साडी, वर माझं स्वेटर, पायांत मोजे आणि सँडल अशी ती बागेत जाऊन बसली, आणि तिच्या मागोमाग मी, इतक्या रविवारांनंतर पहिल्यांदा. टेबल वरून दिसायचं त्याहून लहान होतं. क्रीम मात्र वरून दिसायचं त्याहून पिवळं.

"अगं, ही तर साय," आई माझ्या कानाशी पुटपुटली. "केवढी जाड! म्हशीची असणार."

जोननं स्कोनची थाळी पुढे केली. आईनं हसून पानावर हात आडवा धरला. बोटांत फट होती, मला स्पष्ट दिसत होती. जोननं थाळी मागे घेतली आणि आपल्या स्कोनवर क्रीम लावायला सुरुवात केली.

आईचा हात तसाच हवेत राहिला. "अगं, नेली की हिनं!"

"तू नको म्हणालीस ना, आई."

"म्हणजे काय, विचारल्याबरोबर हो म्हणायचं? आपण काय उपाशी आलोय का?"

"मग आता नाही मिळणार."

"हा काय न्याय झाला?"

"काही चुकलं का?" जोननं घाबरून विचारलं. आई माझ्याकडे बघत होती, जोन माझ्याकडे बघत होती. मी आयुष्यात कधी दोन माणसांच्या मधोमध इतकी सापडले नव्हते. शेवटी मी जॅमच्या वाटीकडे बघत सांगून टाकलं. आमच्याकडे पहिलं 'नको' धरत नाहीत. समोरच्यानं पुन्हा विचारायचं असतं.

"पुन्हा?" जोन म्हणाली. "आणि दुसऱ्यांदाही नको म्हटलं तर?"

हे आईला समजलं. मागच्या पिढीतलं ठणठणीत इंग्रजी काढून ती म्हणाली, "सेकंड आल्सो नो. थर्ड टाइम, टेक."

जोन हसली नाही. तिनं सुरी खाली ठेवली. "पण आमच्याकडे दुसऱ्यांदा विचारणं म्हणजे..." ती शब्द शोधत होती. "म्हणजे पहिल्या उत्तरावर आपला विश्वास नाही, असं होतं. ते बरं दिसत नाही." मग तिनं माझ्याकडे पाहिलं. "म्हणजे मे महिन्यात, तुझ्या दारात..."

मी मान हलवली.

"मला वाटलं, तुला माझे आवडायचे नाहीत. डब्यात दुकानातलं पाकीट दिसलं होतं. म्हटलं, माझे जड होत असतील." ती दुसऱ्या कपाकडे बघत होती. "तरी तुझा कप आणायचे. म्हटलं, आलीस कधी आपणहून, तर."

टेनिसच्या टाळ्या झाल्या आणि थांबल्या. आईला सगळं कळलं नव्हतं, पण एवढं कळलं की कुणीतरी न खाता बसलं आहे. तिनं थाळी स्वतःकडे ओढली, एक स्कोन माझ्या पानात टाकला, एक स्वतःच्या, आणि एक जोनच्या अर्ध्या खाल्लेल्या स्कोनशेजारी. "टेक, टेक," ती म्हणाली. "वन इन माय नेम."

तो स्कोन अजून कोमट होता. मी तो सुरीनं न कापता हातांनी उघडला, जोनसारखा. बाहेरून खरखरीत, आत कापसासारखा. क्रीम आधी गार लागलं, मग विरघळलं, मग आंबट जॅम मधून आला. जड मुळीच नव्हता. मला बोलायचं होतं, पण तोंड भरलेलं होतं, आणि ते बरंच झालं.

त्यानंतरचे रविवार माझ्या आठवणीत एकमेकांत मिसळून गेले आहेत, क्रीम आणि जॅम मिसळावं तसे. आर्थर कॉर्नवॉलचा होता आणि जॅम आधी लावायचा, डेव्हनमध्ये वाढलेल्या जोनला ते जन्मभर खटकायचं. आईला या भांडणात भारी रस. "पोटात गेल्यावर कोण आधी आलं ते विचारतंय कोण?" असं म्हणून ती दोन्ही एकत्र कालवायची आणि जोन डोळे मिटून घ्यायची. आई लाडू पुढे करायची. जोन पहिल्यांदा नाही म्हणायची, मग आठवून दुसऱ्यांदाही म्हणायची, अगदी वर्गात धडा म्हणावा तशी, आणि तिसऱ्यांदा घ्यायची. आई तिला 'जोनबाई' म्हणायची. मला दोन महिन्यांत जे जमलं नव्हतं ते तिला दोन दिवसांत जमलं होतं. जोनबाईंनी एकदा शेजारच्या गृहस्थांना तीनदा केकचा आग्रह करून पाहिला. त्यांनी काळजीनं तिची तब्येत विचारली.

मागची खोली उघडली गेली, हे वेगळं सांगायला नको. त्यासाठी जोननं फक्त किल्ली आणून आईच्या हातात ठेवली आणि बोलायला वेळच दिला नाही.

ऑगस्टच्या शेवटी आई गेली. सफरचंदं गवतात पडायला लागली, टेबल आत गेलं, आणि घराबाहेर 'विकणे आहे'ची पाटी लागली. शेवटच्या रविवारी आम्ही दोघीच होतो, खोक्यांच्या मधे. ती निघाली त्या दिवशीही मी तिला कसलीच हाक मारली नाही. गाडीची काच खाली होईपर्यंत थांबले आणि मग म्हणाले, जपून जा.

आणि आज मी पुन्हा तेच केलं. तिचे हात थरथरतात. तिला ओव्हन फक्त एका रविवारपुरता मिळणार आहे. तो रविवार तिनं पीठ मळायच्या आतच मी नको म्हणून टाकला. आता यावर एकच उपाय, फोन करून सांगायचं, मला यायचंय. स्वतःहून कुणाकडे चहाला येते म्हणायचं, काय खायचं तेही सांगायचं. आमच्याकडे याला काय म्हणतात ते मला माहीत आहे. मी फोन उचलला आणि दोनदा ठेवला. खिडकीतलं ऊन भिंतीवरून खाली घसरत होतं, अगदी सावकाश, मला वेळ देत असल्यासारखं. तिच्या हातांत वाफाळता स्कोन उघडत असलेला मला वरून दिसत होता, आणि या वेळी मला पडद्याआड व्हायचं नव्हतं.

तिसऱ्यांदा मी नंबर लावला.

"जोन," मी म्हणाले. माझ्या तोंडून ते नाव पहिल्यांदाच बाहेर पडत होतं. गुळगुळीत, छोटं, अगदी सोपं नाव. "जोन, मी येतेय रविवारी. मला स्कोन हवेत. दोन. आधी क्रीम."

पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"अगं, मी उद्या पुन्हा फोन करणारच होते," ती म्हणाली. "आणि परवाही. तुझ्या आईनं तीन सांगितलंय. मला फक्त दर वेळी जरा धीर गोळा करावा लागतो."

मी हसले. "रीडिंगवरून गाडी धरते. दुपारपर्यंत पोचेन."

"मग स्टेशनवर घ्यायला येते मी. बसनं."

"नको नको," मी म्हणाले, "तुम्ही कशाला येताय!"

पलीकडून, शाळेतल्या बाई हजेरी घेतात तशा शांतपणे, जोन म्हणाली, "हा एक झाला."